ल्यों : रेशमाच्या नगरीत दोन दिवस

युरोपच्या प्रवासास निघालेली आपली कुटुंबे फ्रान्समध्ये बहुधा पॅरिस पाहून स्वित्झर्लंडकडे वळतात आणि ल्यों हे शहर राहून जाते. पॅरिसहून जलदगती रेल्वेने सुमारे दोन तासांत येथे पोहोचता येते. मुलाबाळांसह पाहण्यास शनिवार-रविवार पुरेसे आहेत. व्यापारी घराण्यांनी तर हे शहर अवश्य पाहावे. कारण पेढ्या, जत्रा आणि कापड यांवरच ते वाढले. मात्र ज्या मालाने त्यास वैभव दिले, तो माल आपल्या अहिंसाधर्मापुढे प्रश्न उभा करतो. तो माल म्हणजे रेशीम.

पहिल्या दिवशी सकाळी सॉन नदीकाठच्या जुन्या वस्तीत जावे. येथील उंच घरांच्या पोटातून एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत निघणाऱ्या झाकलेल्या वाटा आहेत. त्यांना ‘ट्राबूल’ म्हणतात. काही वाटा सर्वांसाठी खुल्या असतात. आत लोक राहतात, म्हणून मुलांना हळू बोलण्यास सांगावे. एका दारातून शिरून भलत्याच रस्त्यावर निघण्यात मुलांना मोठी मौज वाटते. तेथूनच दोरखंडाच्या रेल्वेने फुर्व्हिएरच्या टेकडीवर चढता येते. वर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे रोमन नाट्यगृह आहे. दगडी पायऱ्यांवर बसून खाली रोन व सॉन या दोन नद्यांमधले शहर न्याहाळावे.

दुपारी क्रुआ-रूस या विणकरांच्या टेकडीवर जावे. उंच माग मावावेत म्हणून येथील घरांची छते मुद्दाम उंच बांधली आहेत. सन 1536 मध्ये राजा पहिला फ्रान्स्वा याने ल्योंला रेशीम विणण्याची सवलत दिली. पुढे याच शहरातील जोसेफ मारी जॅकार याने 1804 च्या सुमारास छिद्रांच्या पुठ्ठ्यांवर चालणारा माग सिद्ध केला. सोलापुरी चादरीवरील नक्षी ज्या ‘जॅकार्ड’वर उमटते, ते नाव याच कारागिराचे. ‘मेझों दे कानू’ या विणकरांच्या संग्रहालयात हातमाग प्रत्यक्ष चालवून दाखवतात.

मुले येथे विचारतील, हा धागा येतो कोठून? उत्तर टाळू नये. कोशातील जीव बाहेर पडला तर सलग धागा तुटतो, म्हणून त्यास आतच वाफेने किंवा उष्णतेने मारले जाते. एका वस्त्रामागे असे हजारो जीव जातात. आपल्याकडेही पूजेचे सोवळे आणि लग्नातील पैठणी रेशमाचीच असे. आज अनेक कुटुंबांनी सुती वस्त्र स्वीकारले आहे. त्यामागचे कारण मुलांना प्रवचनापेक्षा या मागापुढे अधिक चांगले उमजते. कारागिराच्या कौशल्यास दाद द्यावी आणि रेशमी रुमाल मात्र दुकानातच राहू द्यावा. या दोन गोष्टींत विरोध नाही.

याच टेकडीचा आणखी एक धडा थेट आपल्या पेढीसाठी आहे. सन 1831 मध्ये विणकरांच्या मजुरीचे किमान दर ठरले. परंतु काही व्यापाऱ्यांनी ते पाळण्यास नकार दिला. नोव्हेंबरमध्ये विणकर रस्त्यावर उतरले आणि रक्तपात झाला. कोशातील जीवाची हिंसा डोळ्यांना दिसते. हिशेबाच्या वहीतून होणारी हिंसा दिसत नाही. ठरलेली मजुरी देणे हेही अचौर्य अणुव्रताचेच पालन होय.

दुसरा दिवस मुलांचा. ‘तेत दोर’ हे 117 हेक्टरांचे उद्यान विनामूल्य आहे. तेथे तळे, नौका आणि गुलाबांची बाग आहे. दुपारी गिन्योलच्या बाहुल्यांचा खेळ पाहावा. विणकर घराण्यातील लोरां मुर्गे दात काढण्याचा धंदा करी आणि गिऱ्हाईक जमवण्यासाठी बाहुल्या नाचवी; त्यातून हा खेळ जन्मला. भाषा न समजताही मुले हसतात. वेळ उरल्यास ल्युमिएर बंधूंचे संग्रहालय पाहावे. त्यांनी 1895 मध्ये आपल्या कारखान्याच्या दाराशी चित्रफीत घेतली आणि पुढच्याच वर्षी, 7 जुलै 1896 रोजी, त्यांचे चलच्चित्र मुंबईत दाखवले गेले.

आहाराची व्यवस्था आधीच करावी. ल्योंची पाककला प्रसिद्ध आहे, पण ती मांसप्रधान आहे. स्वयंपाकघर असलेली सदनिका घ्यावी. सॉनकाठच्या सकाळच्या बाजारात फळे, टोमॅटो, फरसबी मिळते. साध्या बागेत पावात पीठ, पाणी, मीठ आणि खमीर एवढेच असते. ब्रिओशमध्ये मात्र अंडे असते. अनेक पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातील द्रव्य वापरतात, म्हणून विचारूनच घ्यावे. खाकरा, ठेपले आणि मुगाची डाळ सोबत असावी. चौविहार पाळणाऱ्यांना जून महिना सोयीचा. सूर्यास्त रात्री साडेनऊच्या सुमारास होतो. डिसेंबरमध्ये तो सायंकाळी पाचलाच होतो. तरीही 8 डिसेंबरच्या आसपास जाणे झाल्यास वेळेआधी जेवून बाहेर पडावे. त्या रात्री ल्योंवासी खिडक्या-खिडक्यांत दिवे लावतात. ही प्रथा 1852 पासूनची आहे. निर्वाणकल्याणकाची दीपावली साजरी करणाऱ्या आपल्या मुलांना ती रात्र परकी वाटणार नाही.