साडेबारा बार

रात्री पावणेदोनला फोन थरथरला. ऑन-कॉल असताना अशा वेळी फोन वाजला की त्याचा एकच अर्थ असतो: प्रॉडक्शनमध्ये काहीतरी पडलंय. अर्धवट झोपेत लॅपटॉप ओढला. पण अलर्ट नव्हताच. भुसावळहून काकांची ऑडिओ फाइल आली होती. खाली मेसेज होता, 'वाजवून टाकलं एकदाचं. झोप येत नव्हती.'

हेडफोन लावून ऐकली. सगळ्यात आधी ऐकू आला पंखा. मग पायाचा ठेका. मग गिटार. तिसरा बार, चौथा बार, आणि इथे कॉर्ड बदलायची होती तर काका बदलेचनात. दोन ठोके नुसते थांबले आणि मग सावकाश पुढे गेले.

मी वैतागून मनात म्हटलं, 'काका, चुकलात. असू दे, करतो मी दुरुस्त.'

थोडं मागे जातो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला घेतलेली गिटार पुढची सहा वर्षं माझ्याबरोबर फक्त खोल्या बदलत होती. वर्क फ्रॉम होममध्ये तिच्यावरची धूळ झटकली आणि ब्लूज शिकवणाऱ्या एका ऑनलाइन कोर्सला नाव घातलं. ब्लूजच का? कारण ते सोपं वाटलं. तीन कॉर्ड्स आणि बारा बार, प्रत्येक बारमध्ये चार ठोके. पहिले चार बार ई, पुढचे दोन ए, परत दोन ई, मग बी सेव्हन, ए आणि शेवटचे दोन बार पुन्हा सुरुवातीकडे नेणारे. संपलं की पहिल्यापासून. आमच्या भाषेत सांगायचं तर एक फॉर लूप.

कोर्समध्येच आमची चौघांची मोट बांधली गेली. मी पुण्यात. भुसावळला काका; रेल्वेत असिस्टंट ड्रायव्हर म्हणून लागले आणि चौतीस वर्षांनी लोको पायलट म्हणून निवृत्त झाले. तरुणपणी रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये एका अँग्लो-इंडियन गार्डकडून चार कॉर्ड्स शिकले होते, त्या आता मुलीनं कोर्सचे पैसे भरल्यावर पुन्हा बाहेर काढल्या. तिसरी लीड्समधल्या हॉस्पिटलात नर्स असलेली नागपूरची ताई. आणि चौथा अमेरिकेत क्लीव्हलँडला पोस्टाच्या सॉर्टिंग सेंटरमध्ये काम करणारा एक भला माणूस. तो गिटार शिकत होता, पण हार्मोनिका लहानपणापासून वाजवायचा. आम्हा चौघांत एकच गोष्ट सारखी होती. रात्रपाळी प्रत्येकाच्या अंगात मुरलेली होती.

गाण्याची पहिली ओळही तिथूनच आली. काका एकदा सहज म्हणाले होते, 'रिटायर होऊन चार वर्षं झाली, पण रात्री अडीचला डोळे उघडतातच. कानात चाकं फिरत असतात.' ब्लूजमध्ये साधारणपणे एक ओळ म्हणतात, तीच पुन्हा म्हणतात आणि तिसरी ओळ तिला उत्तर देते. ताईनं दुसऱ्या दिवशी लिहून पाठवलं:

दिवा मालवला तरी झोप येईना डोळ्यांत,
दिवा मालवला तरी, रे, झोप येईना डोळ्यांत,
गाडी गेली केव्हाची, चाकं फिरती कानांत.

आणखी चार कडवी झाली. ताई गाणार, काका ऱ्हिदम, क्लीव्हलँडवाला हार्मोनिका, मी सोलो. शिवाय मिक्सिंगही माझ्याकडे. सॉफ्टवेअर म्हटलं की लोकांना मीच दिसतो.

आता प्रश्न असा की चौघं चार ठिकाणी, एकत्र वाजवायचं कसं? व्हिडिओ कॉलवर एकदा प्रयत्न केला. तो इतका भयाण होता की काकूंनी आतून विचारलं, 'कुणाशी भांडताय?' यात नेटचा दोष अर्धाच होता. एकत्र वाजवताना दोघांमध्ये पंचवीस-तीस मिलिसेकंदांहून जास्त उशीर झाला की ताल सांभाळणं अवघड होऊ लागतं. आणि पुणे ते क्लीव्हलँड सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटरहून जास्त अंतर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे वाटेत कुठेही न अडखळता गेला तरी एका बाजूचे साठहून जास्त मिलिसेकंद गेलेच. भौतिकशास्त्राशी भांडता येत नाही.

त्यामुळे सगळे करतात तेच आम्ही केलं. मी एक क्लिक पाठवली, म्हणजे मेट्रोनोमची टकटक. ती कानात लावून ज्यानं त्यानं आपापल्या खोलीत वाजवायचं आणि फाइल मला पाठवायची. मी सगळ्या एकाखाली एक ठेवायच्या. प्रत्येक जण क्लिकबरोबर असला की आपोआप एकमेकांबरोबर असणार. कागदावर चोख.

काकांची फाइल मात्र क्लिकबरोबर नव्हती. दर कडव्याला चौथ्या बारच्या शेवटी दोन ठोके जास्त. बारा बारचे साडेबारा. पाचही कडव्यांत, बरोबर त्याच जागी. आज वाटतं, पाच वेळा एकाच जागी होणाऱ्या गोष्टीला निदान मी तरी चूक म्हणायला नको होतं. पण त्या रात्री मी पाच ठिकाणी कात्री लावली, उरलेला प्रत्येक ठोका ग्रिडवर ओढून बसवला, पंख्याचा आवाज काढला, त्याबरोबर पायाचा ठेकाही निघून गेला, आणि खाली सॉफ्टवेअरमधले ड्रम्स लावले. पहाटे साडेचारला मिक्स पाठवून झोपलो. खूश होतो.

ताईचा मेसेज आला, 'एकदम प्रोफेशनल!' क्लीव्हलँडहून अंगठा आला. काकांच्या नावापुढे निळ्या खुणा दिसल्या, उत्तर नाही. दोन दिवसांनी मीच फोन केला.

'छान झालंय रे,' काका म्हणाले. 'तुझा सोलो तर मस्तच. किती वेळा वाजवावा लागला?'

'दोन-तीन टेक,' मी म्हणालो.

'वा.' मग जरा थांबून, 'फक्त ते ऱ्हिदमला माझं नाव लिहू नको भाऊ. ते मी नाही वाजवलेलं.'

आवाजात राग नव्हता. राग असता तर वाद घालता आला असता. त्यानंतर काका ग्रुपवर बोलेनासे झाले.

खरं सांगायचं तर माझा सोलो एक्केचाळीस टेकमधून जोडलेला होता. एका टेकमधली सुरुवात, दुसऱ्यातला बेंड, तिसऱ्यातला शेवट. तो सोलो सलग असा कुणीच कधी वाजवला नव्हता, मीसुद्धा नाही. आणि मी आजवर एकाही माणसासमोर बसून वाजवलं नव्हतं. खोली, हेडफोन, अनडूचं बटण. काकांना दुरुस्त करताना माझा हात जराही अडखळला नाही, कारण स्वतःला दुरुस्त करायची इतकी सवय झाली होती.

पुढचे काही दिवस अपराधीपणानं जुनं ब्लूज ऐकत बसलो. जॉन ली हूकरचं १९४८ सालचं 'बूगी चिलन' ऐकलं. एकटा माणूस, गिटार आणि जमिनीवर आपटणारा पाय. बारा बार वगैरे शोधून सापडत नाहीत. लाइटनिंग हॉपकिन्सही तसाच, कॉर्ड त्याच्या मनात येईल तेव्हा बदलते. डब्ल्यू. सी. हँडीची गोष्टही तेव्हाच वाचली. हा शिकलेला बँडमास्टर १९०३च्या सुमारास मिसिसिपीतल्या टटवायलर स्टेशनवर उशिरा येणाऱ्या गाडीची वाट बघत होता. शेजारी एक फाटक्या कपड्यांतला माणूस गिटारच्या तारांवर सुरी घासत गात होता, एकच ओळ पुन्हा पुन्हा. हँडीनं पुढे असं संगीत स्वरलिपीत बसवलं, १९१२ साली 'मेम्फिस ब्लूज' छापलं. बारा बारचा साचा पक्का व्हायला अशा छापील गाण्यांचा मोठा हातभार लागला. मी शिकलो होतो तो साचा. काका वाजवत होते ते त्या स्टेशनवरच्या माणसासारखं.

शुक्रवारी रात्री गिटार, इंटरफेस आणि दोन माइक घेऊन मनमाडमार्गे जाणारी गाडी पकडली. काकांना सांगितलं नव्हतं.

दार काकूंनी उघडलं. खांद्यावरची गिटार बघून आतल्या दिशेनं ओरडल्या, 'अहो, तुमचा पुण्याचा इंजिनिअर आलाय!' काका बाहेर आले, बघितलं आणि म्हणाले, 'गाडी किती लेट?' जणू मी येणारच होतो.

चहा झाल्यावर सांगून टाकलं. एक्केचाळीस टेक. काका मोठ्यानं हसले. 'मला वाटलंच. एकदाही श्वास घेत नव्हता तो सोलो.'

मग मी विचारलं, 'काका, चौथ्या बारनंतर तुम्ही थांबता ते का?'

'थांबतो होय?' त्यांना खरंच माहीत नव्हतं. गिटार घेतली, पुटपुटत वाजवून पाहिलं आणि त्या जागी आल्यावर स्वतःच थबकले. 'अरे, तिथे ओळ संपते ना. तीच ओळ परत म्हणायची आहे. एकच गोष्ट दुसऱ्यांदा सांगायच्या आधी माणूस जरा थांबतो. समोरच्यानं ऐकलं का बघतो. काकूला विचार.'

'ऐकलेलं नसतंच,' काकू म्हणाल्या.

'पण मग दुसऱ्यांनी वाजवायचं कसं? क्लिक तर पुढे जाते.'

'तुम्हाला वाटतं गाडी टाइमटेबलवर चालते,' काका म्हणाले. 'टाइमटेबल खिशात असतं. गाडी सिग्नल बघून चालवायची असते. पुढे कॉशन ऑर्डर असली तर हळू करावीच लागते, घड्याळ काहीही म्हणो. तू बस इथे. माझ्याकडे बघ.'

बसलो, मीटरभर अंतरावर. आवाजाला एवढं अंतर कापायला तीन मिलिसेकंद लागतात. हात घामेजले होते. पहिल्या कडव्यात मी त्यांना सोडून पुढे पळालो. दुसऱ्यातही. तिसऱ्यात बोटांकडे बघणं सोडलं आणि दिसलं की कॉर्ड बदलण्याआधी काकांचा डावा खांदा किंचित खाली येतो. सिग्नल! चौथ्या कडव्यात आम्ही दोघं थांबलो आणि दोघं एकत्र निघालो. ते दोन ठोके मी विसरणार नाही. कुणीच काही वाजवत नव्हतं आणि मी आयुष्यात पहिल्यांदा कुणाबरोबर तरी वाजवत होतो.

दुपारी भरीत-भाकरी खाऊन रेकॉर्डिंग केलं. एकच टेक. माझ्या सोलोमध्ये एक बेंड वर पोचत नाही, कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मध्येच कुठेतरी लटकतो. ब्लूजमध्ये मुद्दाम तिथेच थांबतात म्हणे. मी मुद्दाम थांबलो नव्हतो. पण ठेवला तसाच.

परतीच्या गाडीत लॅपटॉपवर काकांच्या ठेक्याचा वेग मोजला. थांबण्याच्या जागा सोडल्या तर मिनिटाला सत्त्याहत्तरच्या आसपास. सहज डोक्यात आलं म्हणून गणित केलं. सांधे जोडून लांबच लांब केलेले रूळ येण्याआधी आपल्याकडे ब्रॉडगेजचा एक रूळ तेरा मीटरचा असायचा. ताशी साठच्या वेगानं गाडी मिनिटात हजार मीटर जाते. हजार भागिले तेरा, सत्त्याहत्तर सांधे. योगायोग असेल. काकांना कळवलं तर उत्तर आलं, 'मालगाडी. बरोबर आहे.'

या वेळी क्लिक पाठवलीच नाही. काकांचीच फाइल पाठवली, पंख्यासकट, पायासकट. ताईनं ड्युटी संपल्यावर हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचा वर करून गायलं आणि त्या दोन ठोक्यांवर तिचा खोल श्वास ऐकू येतो. क्लीव्हलँडवाल्याला मराठीचा एक शब्द कळत नाही. त्याला भाषांतर हवं का विचारलं तर म्हणाला, नको, ती कुठे थांबते ते कळतंय, तेवढं पुरे. त्याची हार्मोनिका बरोबर त्या श्वासानंतर येते. सॉफ्टवेअरमधले ड्रम्स मी काढून टाकले.

गाणं चार मिनिटांच्या आत संपतं. आमच्या ओळखीबाहेरच्या फार कुणी ऐकलेलं नाही. ऱ्हिदम गिटारपुढे काकांचं नाव आहे.

परवा पुन्हा रात्री पावणेदोनला फोन थरथरला. ऑन-कॉल नव्हतो, तरी जागा होतो. पंख्याचा आवाज, पायाचा ठेका, नवी चाल. खाली मेसेज होता, 'या वेळी तेरा होतील बहुतेक. तू मोजू नको, ये.'