मसाल्याची पुडी

मे महिन्यात आमच्या सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या गच्चीत खाटेवर धोतर पसरून आजी शेवया वाळत घालायची. कावळे हाकलायचं काम आम्हा भावंडांचं. मॅगी भारतात आली 1983 साली. टीव्हीवर जाहिरात पाहून आम्ही हट्ट धरला, तेव्हा आजीनं पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "अरे, या पण शेवयाच की!" मसाल्याची पुडी मात्र तिनं हुंगली आणि बाजूला ठेवली. आम्ही ती तिच्या नकळत बोटानं चाटून संपवली.

पुढं चौकाचौकांत चायनीजच्या गाड्या लागल्या. कढईत भुरभुरल्या जाणाऱ्या पांढऱ्या पुडीचं नाव अजिनोमोटो, हे आम्हाला तिथंच कळलं. एकदा मंचुरियन खाऊन आल्यावर धाकट्या आत्याचं डोकं दुखलं आणि घरात निकाल लागला: त्या पुडीत विष आहे. अशीच तक्रार 1968 साली एका डॉक्टरांनी अमेरिकेतल्या वैद्यकीय नियतकालिकाला पत्रानं कळवली होती. ती भीती तिथून जगभर गेली.

जून 2015मध्ये मॅगीवर बंदी आली, तोवर आम्हीच आईबाप झालो होतो. शिसं आणि अजिनोमोटो, दोन्हींची चर्चा घराघरांत होती. आम्ही पाकिटं फेकून दिली. 13 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयानं बंदी रद्द करून नव्यानं तपासण्या करायला सांगितल्या आणि नोव्हेंबरात मॅगी पुन्हा दुकानांत आली.

त्या काळात मी या विषयावर बरंच वाचलं. अजिनोमोटोतलं जे ग्लुटामेट जपानच्या किकुनाए इकेदांनी 1908 साली समुद्रशेवाळातून वेगळं काढलं, ते पिकल्या टोमॅटोतही असतं. म्हणजे आजीच्या टोमॅटोच्या सारातही ते होतंच. काय दिलंय हे न सांगता घेतलेल्या चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणात त्याचा त्रास ठामपणे दिसला नाही.

मग आजीनं पुडी का बाजूला ठेवली? ती म्हणायची, "पोरांच्या जिभेला एकच चव लागली की घरचं अळणी लागतं." खरी काळजी तीच होती. चव वाढवलेल्या खाण्यात मीठ बेसुमार असतं आणि हात थांबत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, मोठ्या माणसांसाठी दिवसाला मीठ 5 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सोडियम 2000 मिलिग्रॅमच्या आत.

मुलांच्या हातात पाकीट देण्याआधी आजीसारखं ते उलटून पाहा. सोडियमचा आकडा मागेच छापलेला असतो.