दार उघडेना तेव्हां

घरांतल्या एखाद्या माणसावर आपण चारचौघांत रागावतों, आणि मागाहून चूक आपलीच होती असें कळतें, हा अनुभव कोणाला नाहीं? मला तो गेल्या मे महिन्यांत आला, आणि तोही संगणकाच्या पडद्यावर उमटलेल्या एका ओळीमुळें आला. ही हकीकत सांगतांना थोडें यंत्रशास्त्र सांगणें भाग आहे. पण ज्या घरांतला मुलगा, सून किंवा भाचा या धंद्यांत नाहीं असें घर आपल्या लोकांत आज विरळाच. तेव्हां वाचक तेवढें गोड करून घेतील अशी आशा आहे.

आमच्या घराण्याचा एक छापील कुलवृत्तांत आहे. पुरुषांचीं नांवें त्यांत पिढ्यान्‌पिढ्या ओळीनें लाविलेलीं आहेत. स्त्रियांची गोष्ट निराळी. सुनेचें सासरचें नांव काय तें दिलेलें, आणि मुलीचें लग्न झालें कीं तिची ओळ तेथेंच संपलेली! सेवानिवृत्त झाल्यावर हा वृत्तांत पुरा करून संकेतस्थळावर आणावा असें माझ्या मनानें घेतलें. नोकरींत असतांना जावा भाषेंत मीं पुष्कळ प्रोग्रॅम लिहिले होते, त्यामुळें तें काम अवघड वाटलें नाहीं. नांवें, वर्षें आणि नातीं हीं सर्व मायएसक्यूएल या डेटाबेसांत ठेविलीं. हा डेटाबेस १९९५ सालीं स्वीडनमधील एका कंपनीनें पुढें आणला. त्यांतील 'माय' हा शब्द आपल्याला इंग्रजींतला 'माझें' असा वाटतो. पण मायकेल विडेनियस या त्याच्या एका कर्त्याच्या मुलीचें तें नांव आहे. पुढें २००९ सालीं त्यानें त्यांतूनच दुसरा डेटाबेस काढला, आणि त्याला मारिया या धाकट्या मुलीचें नांव दिलें. मुलींचीं नांवें जपून ठेवण्याच्या कामीं हें साधन मला शुभशकुनाचें वाटलें होतें.

खरी अडचण माहितीची होती, आणि ती माझ्या आत्यानें सोडविली. तिला एक्याण्णवावें वर्ष चालू आहे. माझी पुतणी कामावरून आली कीं तिच्यापाशीं जाऊन बसे. आत्या सांगे आणि ही टिपून घेई. कोणाच्या आजीचें माहेर कोणतें, तिचें माहेरचें नांव काय, पहिल्या बाळंतपणांतच गेलेली थोरली जाऊ कोण, असें दोन महिने चाललें होतें. जीं कोणत्याही कागदावर नव्हतीं अशीं साठांवर नांवें या रीतीनें नोंदलीं गेलीं.

मे महिन्याच्या एका रविवारीं पुण्यास आमचें कुलसंमेलन भरलें. संकेतस्थळ त्याच दिवशीं सर्वांस खुलें करावयाचें होतें. सकाळीं आठपासून सर्व कांहीं सुरळीत होतें. दहाच्या सुमारास मंडळी जमली. जो तो आपापल्या मोबाइलवर नांवें शोधूं लागला. साडेअकराला आम्हीं आत्याला पडद्यासमोर आणून बसविलें. तिच्या आईचें माहेरचें नांव तिला छापील पाहावयास मिळणार होतें. पुतणीनें कळ दाबली, आणि पडद्यावर अक्षरें उमटलीं : 'डेटाबेसशीं जोडणी होऊं शकली नाहीं.'

माझ्या पोटांत धस्स झालें. डेटाबेसची शेवटची नक्कल मीं उतरून ठेविली होती ती दोन महिन्यांपूर्वीं. म्हणजे आत्यानें सांगितलेलें एकही नांव तींत नव्हतें. आणि त्याच क्षणीं मला आठवलें कीं, शनिवारीं रात्रीं पुतणीनें डेटाबेसच्या पासवर्डांत कांहीं फेरफार केला होता. माझा प्रोग्रॅम डेटाबेसच्या मुख्य कारभाऱ्याच्या नांवानें आंत जात असे. तें बरें नव्हे, असें म्हणून तिनें प्रोग्रॅमसाठीं मोजक्याच अधिकारांचें एक वेगळें खातें उघडलें होतें.

"चालत्या गाड्याला खीळ घालावयास तुला कोणी सांगितलें होतें?" मीं सर्वांदेखत विचारलें. आवाज चढलेला होता.

ती एवढेंच म्हणाली, "काका, आधीं लॉग पाहूं या का?"

मीं उत्तर दिलें नाहीं. तेव्हां आत्या म्हणाली, "अरे, माझ्या आईचें नांव मला पाठ आहे. तें यंत्रानें सांगावयास कशाला हवें? पोरीवर ओरडूं नकोस." सभागृहांत क्षणभर कोणी बोलेना.

येथें थोडें थांबून ही भानगड काय असते तें सांगतों. संकेतस्थळ चालविणारा प्रोग्रॅम आणि माहिती सांभाळणारा डेटाबेस हीं दोन निरनिराळीं बिऱ्हाडें होत. कोणीं नांव विचारलें कीं प्रोग्रॅम डेटाबेसचें दार ठोठावतो, आंत जातो, माहिती घेतो आणि बाहेर येतो. दार न उघडल्यास पाहुण्याला एकच मोघम वाक्य दाखविण्याची रीत आहे, कारण अधिक तपशील दिल्यास तो चोराच्याही उपयोगीं पडतो. खरें कारण लॉग नांवाच्या रोजनिशींत एका आंकड्यासह लिहिलेलें असतें. आंकडा २००२ किंवा २००३ असला तर दारावर कोणी ओच देत नाहीं असें समजावें. डेटाबेस बंद पडला असेल, नाहीं तर पत्ता चुकला असेल. या दाराचा नेहमींचा क्रमांक ३३०६. आंकडा १०४५ असला तर आंत माणूस आहे, पण नांव किंवा किल्ली चुकीची. १०४९ म्हणजे मागितलेल्या नांवाची खोलीच या घरांत नाहीं. आणि १०४० म्हणजे घर जागें आहे, पण आंत पाऊल ठेवावयास जागा नाहीं.

दोष चार, आणि प्रत्येकावरचा उपाय निराळा. पडद्यावरील वाक्य मात्र चोहोंनाही एकच. तें वाक्य वाचून मीं निदान केलें, आणि निदान करतांना माणसाकडे बोट दाखविलें. साधा विचार केला असता तरी कळलें असतें कीं, शनिवारीं रात्रीं बदललेली किल्ली चुकीची असती, तर दार रविवारीं सकाळीं आठलाच उघडलें नसतें. पण भीतीनें ग्रासलेलें मन विचार करीत नाहीं, तें अपराधी शोधतें.

पुतणीनें न बोलतां लॉग उघडला. ओळीमागून ओळ एकच आंकडा होता : १०४०.

या डेटाबेसांत एका वेळीं किती जोडण्या होऊं द्याव्यात याची मर्यादा असते. ती आपण बदलली नाहीं तर १५१ असते. १५१ पाटांची पंगतच म्हणा ना! मात्र त्याशिवाय एक पाट कारभाऱ्यासाठीं राखून ठेविलेला असतो. सर्व पाट भरले तरी त्याला आंत येऊन पाहतां यावें, ही त्यांतील दूरदृष्टि. परंतु प्रोग्रॅमच कारभाऱ्याच्या नांवानें आंत जात असेल, तर तो राखलेला पाटही तोच अडवून बसतो. शनिवारपर्यंत माझी व्यवस्था नेमकी तशी होती. ज्या फेरफाराबद्दल मीं पुतणीला बोल लाविला, त्याच फेरफारामुळें तो एक पाट रिकामा राहिला होता. कारभाऱ्याच्या नांवानें आम्ही सरळ आंत गेलों.

आंत चाललेल्या जोडण्यांची यादी मागविली. जवळजवळ प्रत्येक ओळीपुढें 'स्लीप', म्हणजे निजलेली, असा शेरा होता. जेवण केव्हांच आटोपलें, पण पाटावरून कोणी उठलेलें नाहीं! अशा निजलेल्या जोडणीला डेटाबेस आपण होऊन २८,८०० सेकंद, म्हणजे आठ तास, उठवीत नाहीं. आम्हीं डेटाबेसला हात न लावतां फक्त माझा प्रोग्रॅम बंद करून पुन्हां सुरू केला. सगळे पाट मोकळे झाले. दहा मिनिटांच्या आंत आत्यानें पडद्यावर आपल्या आईचें माहेरचें नांव वाचलें. चष्मा पुसून तिनें तें पुन्हां वाचलें. एकही नांव गेलें नव्हतें.

'पाट वाढवून पांचशें करा, म्हणजे झालें,' असा सल्ला एका तरुण आप्तानें दिला. मोह मलाही झाला. पण उठावयाचें नांवच न घेणाऱ्या पंगतीला पाट वाढवून काय होणार? फार तर तीच आपत्ति दुपारऐवजीं संध्याकाळीं येणार. जोडण्या निजतात कां, हा खरा प्रश्न होता. त्याचें उत्तर मला त्या रात्रीं माझ्याच लिखाणांत सांपडलें. शोधलेलें नांव मिळालें तर माझा प्रोग्रॅम माहिती घेऊन दार लावून बाहेर येई. न मिळालें तर मात्र तो मधूनच परत फिरे, आणि दार लावावयाचें राहून जाई. घरीं तपासून पाहतांना मीं नेहमीं मला ठाऊक असलेलींच नांवें शोधलीं होतीं, म्हणून हा दोष कधीं दिसला नाहीं. संमेलनाला आलेल्या लेकीसुनांनीं आपापलीं माहेरचीं नांवें शोधलीं. तीं डेटाबेसांत होतीं. पण माहेरच्या नांवावरून शोधण्याची सोयच मीं केली नव्हती! प्रत्येक स्त्रीला 'असें नांव नाहीं' एवढेंच उत्तर मिळत गेलें, आणि प्रत्येक वेळीं एक दार उघडें राहत गेलें.

उपाय दोन ओळींचा होता. काम होवो वा न होवो, घेतलेली जोडणी परत झालीच पाहिजे, अशी सोय जावा भाषेंत २०११ पासून आहे. ती मला ठाऊकही होती, पण आळसानें मीं जुन्याच वळणानें लिहीत गेलों होतों. 'वस्तू घेतलीस तेथें परत ठेव' हें माझी आई मला लहानपणीं रोज सांगत असे. तें साठी उलटल्यावर यंत्राकडून शिकावें लागलें.

परंतु प्रोग्रॅम दुरुस्त केल्यानें सर्व दुरुस्त होत नाहीं. बोल मीं चारचौघांत लाविला होता. तेव्हां पुतणीची क्षमा खोलींत एकांतीं मागणें मला अपुरें वाटलें. दोष माझ्याच लिखाणांत आहे हें जरी रात्रीं कळलें, तरी तिचा अपराध नव्हता हें दुपारींच कळलें होतें. म्हणून भोजनोत्तर सभेंत मी उभा राहिलों, आणि सकाळीं मी जें बोललों तें चुकीचें होतें, तिच्याच कामामुळें आपलीं नांवें आज पुन्हां पाहावयास मिळालीं, असें सर्वांसमक्ष सांगितलें. बोलतांना आवाज थोडा अडखळला. ती खालीं मान घालून हंसली, आणि मग म्हणाली, "काका, आतां रोज रात्रीं नक्कल उतरावयाची, आणि महिन्यांतून एकदां ती उघडून पाहावयाची. कबूल?"

मीं कबूल केलें. माहेरच्या नांवावरून शोधण्याची सोय तिनेंच दुसऱ्या दिवशीं केली. ती चालते कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आत्याला विचारून तिनें पहिलें नांव घातलें, तें आत्याच्या आईचें होतें.