नाण्यावरचा प्रश्न

एखाद्या कवितेला 'खणखणीत नाणे' म्हणण्याची सवय आम्हां मराठीच्या अध्यापकांना फार जुनी. नाण्याचे मोल कोठून येते, हा प्रश्न मात्र आम्हांला कधी पडला नव्हता. तो पडला अमेरिकेच्या आरंभीच्या व्यापारातील नोटांची आणि टोकनांची छायाचित्रे पाहताना.

वसाहतींच्या नोटांवर बेंजामिन फ्रँकलिनने झाडाच्या खऱ्या पानाचा ठसा उमटवला. पानाच्या शिरांची हुबेहूब नक्कल करणे कोरक्याला दुष्कर. शिवाय कित्येक नोटांवर 'नक्कल करणाऱ्यास मृत्युदंड' असा इशाराही असे. पण विश्वास छापता येत नाही. १७७५ पासून युद्धखर्चासाठी काढलेले काँटिनेंटल डॉलर १७८१ पर्यंत जवळजवळ कवडीमोल झाले. १७९० च्या कायद्याने तर शंभर कागदी डॉलरांची किंमत एक डॉलर ठरवली.

पुढे १८३७ च्या मंदीत बँकांनी नोटांच्या बदल्यात सोने-चांदी देणे थांबवले. नाणी लोकांनी दडवून ठेवली आणि सुट्ट्या सेंटच्या जागी खाजगी तांब्याची टोकने फिरू लागली. त्यांपैकी १८३८ चे एक आम्हांला विसरता येत नाही. एका बाजूला गुडघे टेकून बसलेली, साखळदंडातली गुलाम स्त्री. तिच्याभोवती प्रश्न : मी स्त्री नाही का, भगिनी नाही का? उलट बाजूला देशाचे नाव आणि पानांच्या वलयात 'स्वातंत्र्य' हा शब्द. गुलामगिरीविरोधी चळवळीचे हे टोकन आकाराने सेंटएवढेच.

आमच्यापैकी एकाने हे चित्र एम.ए.च्या वर्गात दाखवले आणि दोन बाजूंमधील विरोधाभासावर रंगून व्याख्यान दिले. शेवटी मागच्या बाकावरील विद्यार्थिनीने विचारले, "सर, हे देऊन कोणी सुती कापड घेतलं असेल, तर त्याचा कापूस कोणी वेचला असेल?"

वर्ग शांत झाला. अमेरिकेतला तो कापूस मुख्यतः गुलामांच्या हातांनी वेचला जात होता आणि गुलामगिरी घटनेने संपायला १८६५ साल उजाडावे लागले. आम्ही नाण्यावरची अक्षरे वाचली होती. ते कोणत्या बाजारात फिरले, हे वाचले नव्हते. 'खणखणीत' हा शब्द त्या दिवसापासून आम्ही जरा जपून वापरतो.