चौकटीचा कारभारी

१९९९ सालच्या पावसाळ्यात, महाविद्यालयाच्या संगणक-प्रयोगशाळेत सायंकाळी एकटाच बसलो असता, लिनक्सच्या यंत्रावर ‘फेलसेफ’ नावाचे सत्र मी प्रथमच उघडले आणि पडद्याच्या कोपऱ्यात, जिला शीर्षकपट्टी नाही, कडा नाही, जागेवरून हलवण्याची सोय नाही, अशी एकच बोडकी खिडकी उभी राहिली. तिच्यात ‘एफव्हीडब्ल्यूएम’ या विंडो मॅनेजरचे नाव टंकताच तिला चौकट आली, माथ्यावर पट्टी आली. आणखी दोन-तीन खिडक्या उघडून, एकीत प्रोग्रॅम लिहावयास घेऊन, मी कुतूहलापोटी त्या विंडो मॅनेजरलाच बडतर्फ केले. चौकटी नाहीशा झाल्या. परंतु अर्धवट लिहिलेली ओळ आणि तिच्या टोकाचा कर्सर जागच्या जागी होते. मग ‘टीडब्ल्यूएम’ टंकले, तेव्हा दुसरा कारभारी रुजू झाला आणि त्याच खिडक्यांना त्याने आपल्या रीतीच्या चौकटी चढवल्या. त्या सायंकाळी प्रयोगशाळेचे कुलूप लावणाऱ्या शिपायाने दोनदा हाक मारीपर्यंत मी उठलो नाही.

हे कसे घडले, याचा उलगडा पुढे वाचनातून झाला. १९८४ साली एमआयटीत बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी एक्स विंडो सिस्टिमला आरंभ केला, तेव्हा साधन पुरवावे, रीत लादू नये, हे तत्त्व तिच्या मुळाशी राहिले. पडदा आणि कळफलक सर्व्हरच्या ताब्यात. खिडक्या कोठे व केवढ्या असाव्यात, हे ठरवणारा मात्र इतरांसारखाच एक प्रोग्रॅम. त्याची सनद एवढीच, की पडदाभर पसरलेल्या मूळ खिडकीच्या पोटात कोणी नवी खिडकी मांडू लागला, तर ती विनंती आधी त्याच्या दफ्तरी यावी. ही सनद एका वेळी एकालाच मिळते. दुसरा मागावयास आला तर सर्व्हर त्याला परत पाठवतो. आणि सनदधारक मध्येच गेला, तर त्याने चौकटीत घातलेल्या खिडक्या स्वतः सर्व्हर मूळ जागी नेऊन ठेवतो, कारण त्यांची याद कारभाऱ्याने आधीच त्याच्या हवाली केलेली असते. कारभाऱ्याच्या मरणाची तरतूद त्याच्या नेमणुकीतच करून ठेवणारी ही दूरदृष्टी मला आजही थोर वाटते.

डेस्कटॉप एन्व्हायर्न्मेंट ही याहून मोठी गोष्ट. पटल, फाइलींची व्यवस्था, मेनूंचे एकच वळण, असा सारा वाडाच. १९९६ च्या ऑक्टोबरात मातियास एट्रिख यांनी केडीईची घोषणा केली, पुढल्या वर्षी मिगेल दे इकाझा आणि फेदेरिको मेना यांनी जीनोमची. केडीईने कारभारी घरचाच ठेवला. जीनोमने आरंभी तो बाहेरून आणला: एन्लाइटनमेंट, मग सॉफिश, मग मेटासिटी. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी जीनोमच्या पटलासोबत विंडोमेकर हा मॅनेजर चालवीत असे, आणि वाडा एकाचा, कारभार दुसऱ्याचा, ही मुभा मला स्वाभाविकच वाटे. २०११ साली जीनोम ३ मध्ये पटल आणि मॅनेजर एकाच प्रक्रियेत नांदू लागले, तेव्हा ती मुभा संपली.

एक्सची जागा घेऊ पाहणाऱ्या वेलँडने तर सर्व्हर आणि कारभारी यांतील भेदच पुसला. क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ साली हे काम आरंभले, त्यामागील कारणे मला मान्य आहेत: एक्सवर कोणताही प्रोग्रॅम दुसऱ्यासाठी दाबलेल्या कळा ऐकू शकतो, ही उणीव लहान नव्हे. तरीही सारा अंमल एकाच्या हाती गेल्यावर त्याच्या पतनासरशी खिडक्यांचाही अंत व्हावा, याचे दुःख मला अनेक वर्षे होते.

२०२४ साली केडीईचे प्लाझ्मा ६ आले. क्यूटी या साधनसंचावर रचलेल्या खिडक्यांना, कारभारी कोसळला तरी त्याच्या वारसाशी पुन्हा नाते जोडता यावे, अशी सोय त्यात केली आहे, असे कळले. एका रात्री, घर निजल्यावर, मी केट या लेखन-संपादकात एक ओळ मुद्दाम अर्धी लिहून ठेवली आणि पंचवीस वर्षांपूर्वीचाच हुकूम नव्या कारभाऱ्यावर बजावला. पडदा काळा झाला. क्षणभराने तो उजळला, चौकट आली, आणि आत माझी ओळ होती, अर्धीच, कर्सरासह.