आजीच्या वहीतली कानडी गाणी

इंदिरानगर, बेंगळुरू
पौष अमावास्या

प्रिय सोनू,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. फोन करावासा वाटला, पण फोनवर मी तावातावाने बोलत सुटेन आणि मुद्द्याचं राहून जाईल, म्हणून हे पत्र. परदेशातल्या तुमच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात तू आजीच्या वहीतलं पुरंदरदासांचं पद म्हणणार होतीस आणि कुणीतरी म्हणालं, 'मराठी कार्यक्रमात कानडी कशाला? एखादा अभंग म्हण.' त्यावर तू मला तीन गोष्टी विचारल्यास. आपण मराठी असून आजीच्या वहीत निम्मी गाणी कानडी कशी? ती देवनागरीत का लिहिली आहेत? आणि मी पाठवलेल्या फोटोंमधलं शेवटच्या पानावरचं गाणं कुठल्या भाषेतलं?

आजोबा सोलापूरचे. एच.ए.एल.मध्ये नोकरी लागली म्हणून ते इकडे आले. तो विमानांचा कारखानाही मुळात सोलापुरात जन्मलेल्या माणसानेच काढलेला. वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या साथीने तो उभा केला. आपल्या पत्त्यात अजूनही 'एच.ए.एल. सेकंड स्टेज' असं लिहितात. आजीचं माहेर पंढरपूर. वारीला येणाऱ्या कानडी वारकऱ्यांमुळे ती भाषा तिच्या कानावर लहानपणापासून होती. बोलणं समजायचं, मोडकंतोडकं बोलताही यायचं, पण लिपी वाचता येत नव्हती. त्यामुळे गाणी लिहून घ्यायची तर देवनागरीतच.

सांगायच्या त्या शेजारच्या अज्जी. तू त्यांना पाहिलं नाहीस. दुपारी त्या आपल्या व्हरांड्यात येऊन केळीच्या धाग्यात मोगरा गुंफत बसायच्या आणि हात न थांबवता एकेक ओळ सांगायच्या. आजी लिहायची, वाचून दाखवायची आणि अज्जी मानेनेच 'चुकलं' म्हणायच्या. फोटो मोठा करून बघ. काही अक्षरांवर लाल पेनाने बारीक आडवी रेघ दिसेल. मराठीत आपल्याला एकच ए आणि एकच ओ पुरतो. कानडीत दोन्ही ऱ्हस्वही आहेत आणि दीर्घही, आणि तो फरक दाखवायची सोय आपल्या लिपीत नाही. मग आजीने दीर्घावर रेघ मारायची असं स्वतःच ठरवलं. तू म्हणताना रेघेच्या अक्षरावर दुप्पट थांब, नाहीतर ओळ तालात बसणार नाही. हे सगळं तिला कुणी शिकवलं नव्हतं. दुसऱ्याचं गाणं चुकीचं म्हणायचं नाही, एवढा एकच तिचा आग्रह होता, आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

अज्जींचीही एक वही होती. तिच्यात आपले अभंग कानडी लिपीत होते. देवघेव बरोबरीची होती. पुढे त्यांचं घर विकलं गेलं, त्या मुलाकडे म्हैसूरला गेल्या आणि ती वहीही गेली. त्या जागी आता तीन मजली कॅफे आहे.

आता मंडळातल्या त्या हरकतीबद्दल. आज पौष अमावास्या, म्हणजे पुरंदरदासांची पुण्यतिथी. इकडे तिला आराधना म्हणतात. आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर इंदिरानगर संगीत सभेचं सभागृह आहे, त्याचं नावच 'पुरंदर भवन'. हे पुरंदरदास सोळाव्या शतकात हंपीला वारले. प्रत्येक पदाच्या शेवटी त्यांनी जी नाममुद्रा घातली ती 'पुरंदर विठ्ठल' आहे. हा विठ्ठल कुठला, हे पंढरपूरच्या लेकीला सांगावं लागत नव्हतं. पंढरपूरच्या देवळातला एक खांब आजही त्यांच्या नावाने दाखवतात. त्यांचा जन्म पुण्याजवळच्या पुरंदर किल्ल्याखालचा असं कितीतरी चरित्रांनी लिहिलं, तर अलीकडचे अभ्यासक तो शिवमोग्गा जिल्ह्यातल्या तीर्थहळ्ळीकडे मानतात. मला त्या वादात रस नाही. हंपीला विजय विठ्ठलाचं भलंमोठं देऊळ आहे आणि गाभाऱ्यात मूर्ती नाही. आपल्याकडे सांगतात की कृष्णदेवरायाने पांडुरंग हंपीला नेला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला. ही आख्यायिका आहे, पण ती कुणाला रचावीशी वाटली याचा अर्थ दोन्हीकडच्या लोकांना हा देव आपलाच वाटत होता. आणि भीमसेन जोशी? गदगचा माणूस, पुण्यात आयुष्य काढलं, एका बैठकीत अभंग गायले आणि दुसऱ्या बैठकीत दासांची पदं. तुमच्या मंडळात त्यांची ध्वनिमुद्रिका लावली तर कुणी उठून जाणार आहे का?

मी स्वतः या गाण्याकडे आजीमुळे नव्हे, क्लासमुळे गेले. दोन गल्ल्या सोडून गाण्याच्या मिस राहायच्या. चटईवर आम्ही मुलं मांडी घालून बसायचो आणि उजवा हात मांडीवर चालायचा: एक टाळी, मग करंगळी, अनामिका, मधलं बोट, मग टाळी-उलटा हात, टाळी-उलटा हात. आठ मात्रांचा आदिताल. पहिले पाठ मायामाळवगौळ रागात. हे पाठ पुरंदरदासांनी घालून दिले असं कर्नाटक संगीताची परंपरा मानते, म्हणून त्यांना 'पितामह' म्हणतात. तेव्हा मला त्याचं काही नव्हतं. घरी येऊन तेच सूर पेटीवर वाजवले तर आजी स्वयंपाकघरातून म्हणाली, 'अगं, हा तर भैरव!' रे आणि ध कोमल, बाकी सगळे शुद्ध. दोन घरांत दोन नावांनी राहणारे तेच सात सूर आहेत हे कळल्यावर मला इतका आनंद झाला की दुसऱ्या दिवशी मी मिसना सांगत सुटले. त्या हसल्या नाहीत. 'आजीला घेऊन ये,' म्हणाल्या. आजी गेली, शेवटच्या रांगेत माझ्या शेजारी बसली आणि मुलांबरोबर सरळी वरसे, म्हणजे ते पहिले पाठ, म्हणू लागली.

त्याच काळात सी.एम.एच. रोडवर मेट्रोचं काम चालू होतं. झाडं तुटली, दुकानांच्या पायऱ्या गेल्या आणि दिवसभर जमिनीत काहीतरी ठोकत असायचे. ते ठोके आमच्या तालात शिरायचे आणि लहान मुलं घसरायची. मिस श्रुतिपेटीचा आवाज वाढवायच्या आणि म्हणायच्या, 'बाहेरचं ऐकू नका, हाताचं ऐका.' २० ऑक्टोबर २०११ ला बैयप्पनहळ्ळीहून एम.जी. रोडला पहिली गाडी सुटली. बाबांनी मला खांद्यावर घेऊन ती दाखवली. आज शनिवारी रात्री हंड्रेड फीट रोडवरच्या पबमधून जो दणका येतो त्याने खिडकीची काच थरथरते. बदलाबद्दल माझी तक्रार नाही. एवढंच वाटतं की पूर्वी या गल्ल्यांमधून चालताना कुठल्या ना कुठल्या घरातून रियाज ऐकू यायचा, आणि तो ऐकायला कुणाला पैसे पडत नव्हते.

आता शेवटचं पान. खरं सांगायचं ते इथेच आहे.

एकादशीला संध्याकाळी आपल्या घरी बायकांचं भजन असायचं. मराठी तीन-चार, बाकी कानडी. जोगुपाळ्यहून भांडी घासायला येणाऱ्या मावशी तमिळ. भजन चालू असताना त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी भिंतीला पाठ लावून ऐकायच्या. आत या, असं कुणी म्हटलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. एका एकादशीला आजीने मध्येच पेटी थांबवली आणि म्हणाली, 'तुम्ही म्हणा एक.' मावशींनी पदराला हात पुसले आणि उंबऱ्यातूनच त्यांच्या गावाकडचं मारिअम्मन देवीचं गाणं म्हटलं. मोठा, उघडा आवाज, खोलीभर झाला. मला ते फार आवडलं, एवढं पक्कं आठवतं. पुढचं आईने सांगितलं. दोघीजणी प्रसाद न घेता उठल्या आणि परत कधी आल्या नाहीत. पुढच्या एकादशीला आजीने सतरंजी थोडी मोठी अंथरली आणि मावशींना आपल्या शेजारी बसवलं. आणखी एक-दोघी गळल्या. अज्जी येत राहिल्या. पहिले काही महिने त्या मावशींच्या हातचं पाणी घेत नव्हत्या, आणि एक दिवस त्यांनीच मावशींना ते गाणं पुन्हा म्हणायला लावून उतरवून घेतलं. अज्जींच्या वहीतून ते आजीच्या वहीत आलं. तुला न लागलेलं शेवटचं पान म्हणजे ते तमिळ गाणं. वर कुणाचंच नाव नाही, कारण ते कुणा एकाचं नाहीच.

हे लहानपणी पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ आता एम.ए.ला समाजशास्त्र शिकताना उलगडतो आहे. गंगूबाई हनगल यांच्या आठवणी वाचल्या. धारवाडला ब्राह्मण शेजाऱ्याच्या बागेतला आंबा त्यांनी लहानपणी तोडला. राग चोरीचा नव्हता, गाणारणीची मुलगी बागेत शिरली याचा होता. पुढे त्यांचं नाव झालं तेव्हा त्याच घरातून जेवायचं आमंत्रण आलं. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये, जिचे अध्यक्ष गांधीजी होते, ही मुलगी स्वागतगीत गायली. गाताना तिला धास्ती गाण्याची नव्हती, जेवणानंतर आपल्याला उष्टी काढायला लावतील याची होती. तिची आई अंबाबाई कर्नाटक पद्धतीची उत्तम गायिका. मुलीचं हिंदुस्थानी गाणं भेसळीविना व्हावं म्हणून त्या माउलीने स्वतःचं गाणं सोडलं. इकडे बेंगळुरूच्या गायिका नागरत्नम्मांनी तिरुवैयारूला त्यागराजांच्या समाधीसाठी आपली मालमत्ता घातली, आणि तिथल्या उत्सवात बायकांना गाऊ देत नाहीत म्हटल्यावर बायकांचा वेगळा उत्सव उभा केला. हे गाणं आपल्यापर्यंत असं पोचलं आहे, सोनू. ज्यांना दाराशी उभं केलं त्यांनी ते सांभाळलं.

वहीतच बघ. मधल्या पानावर एका बाजूला कनकदासांचं पद आहे आणि पाठीमागे चोखोबांचा अभंग. कनकदास कुरुब समाजातले, म्हणजे धनगर. त्यांना उडुपीच्या कृष्णाच्या देवळात घेतलं नाही, तेव्हा देव वळला आणि भिंतीला भगदाड पडलं असं सांगतात. ती 'कनकन किंडी' आजही आहे आणि लोक तिच्यातून दर्शन घेतात. चोखोबांची समाधी पंढरपूरला महाद्वाराशी, देवळाबाहेर. त्यांच्या समाजासाठी ते दार उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. आजीने ही दोन गाणी पाठीला पाठ लावून मुद्दाम लिहिली की कागद वाचवायला, हे मी तिला विचारलं नाही. पण सतरंजीची गोष्ट माहीत असल्यावर मी तरी मुद्दामच लिहिली असं धरून चालते.

तेव्हा 'मराठी कार्यक्रमात कानडी कशाला' हा प्रश्न मला भाषेचा वाटतच नाही. कुणाला आत घ्यायचं आणि कुणाला उंबऱ्यावर ठेवायचं, याचा तो प्रश्न आहे. परदेशात राहून आपली भाषा टिकवायची धडपड मी समजू शकते. मंडळातले काका-काकू शनिवार-रविवार खपून मुलांना मराठी शिकवतात, त्याबद्दल मला आदर आहे. पण पंढरीच्या विठ्ठलाला कानडी येत नाही असं समजून मराठी टिकणार नाही. ज्ञानेश्वरांनीही त्याला कानडा म्हटलं आहे. तसं म्हणताना त्यांना आपली मराठी धोक्यात आली असं वाटलं नाही.

तू असं कर. आधी चोखोबांचा अभंग म्हण आणि न थांबता लगेच कनकदासांचं पद म्हण. मध्ये निवेदन नको. व्हायोलिन वाजवणारी तुझी ती तेलुगू मैत्रीण आहे ना, तिला साथीला घे आणि नाव पत्रिकेत छापायला सांग. मारिअम्मनचं गाणं मात्र आत्ता घेऊ नकोस. त्याची चाल वहीत नाही आणि माझ्याही नीट लक्षात नाही. मावशी आता काम करत नाहीत, लेकीकडे असतात. पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे जाते आहे. त्या म्हणाल्या तर रेकॉर्ड करून पाठवीन, आणि गाण्याबरोबर त्यांचं नाव लावायचं की नाही हेही त्यांनाच विचारीन.

कार्यक्रमाचं काय ठरलं ते कळव. तरीही कुणी हरकत घेतली तर भांडू नकोस, हे पत्र त्यांना वाचायला दे.

तुझी
ताई