कीर्तिमुख

आमच्या गावच्या महादेवाच्या उंबऱ्यावर कीर्तिमुख आहे. उंबऱ्यावर पाय देऊ नये म्हणून आजी त्याचीच भीती घालायची. शिवपुराणात त्याची गोष्ट येते. राहूला खायला शंकरानं एक भुकेला गण निर्माण केला, पण राहू शरण आला. मग गणानं खायचं काय? शंकर म्हणाले, स्वतःलाच खा. त्यानं हातपाय, धड, सगळं खाल्लं. उरलं नुसतं तोंड. त्याला देवानं दारात मान दिला. कारागिरांनी पुढं त्या तोंडातून वेली-पानं काढली.

आमचं घर वाटणीनं खाल्लं. तिघा भावांपैकी कुणालाच जुनं घर नको होतं. सागवान टेंपोत भरून गेलं, माजघरातल्या तुळईचा हातभर तुकडा तेवढा मी मागून घेतला. "जळणाला नेतोस काय रं?" दादा म्हणाला.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मी सुतारतात्यांच्या पडवीत शिकायला बसलो. वरचा चुलीच्या धुराचा काळा थर निघाला आणि आत मधासारखं लाकूड! वासही जागा झाला. साग पटाशीची धार फार लवकर खातो. कोरण्यापेक्षा दगडावर घासण्यातच निम्मा वेळ जायचा. एका पानाच्या दोन कडा दोन दिशांनी कोराव्या लागतात, उलट रेषेला गेलं की ढलपीच उडते. "नाक शेवटपर्यंत राखा गुरुजी, भोवतालचं खाली न्या," तात्या सांगत. "काढलेलं पुन्ना चढवता येत न्हाई." मोगरीचे ठोके हलके हवेत, हे मात्र मनगटालाच कळावं लागतं.

तुकड्याच्या मधोमध बोटभर भोक होतं. पाळण्याच्या कडीचं. आम्ही तिघंही त्याच कडीला झोके घेतलेले. मी ते बुजवायला खुंटी तासत होतो. तात्यांनी हात धरला.

"ऱ्हाऊ द्या की. तोंड तिथंच येऊ द्या."

मग सगळं चित्रच पुन्हा आखलं. डोळे वर सरकले, वेली भोकातूनच बाहेर पडल्या. उजवीकडची पानं जरा जाड आलीत. मला ती तशीच आवडतात.

दिवाळीत दादा आला. बराच वेळ बघत राहिला, मग त्या तोंडात बोट घालून म्हणाला, "कडी कुठंय?"

ती टेंपोतनं गेली होती. धाकट्याला फोन लावून त्यानं भंगारवाल्याचा नंबर मागितला.